फर्माइशीच्या कार्डावरची चार नावं

छंद लहानपणी लागतात म्हणे. मला नाही लागले. आसगावला आमच्या घरी धान होतं, बैल होते आणि गुडघाभर चिखल होता, त्यात छंद कुठून येणार? मला छंद लागला तो छत्तिसाव्या वर्षी, जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये, आणि तोही डॉक्टरनं सांगितला म्हणून. झोप लागत नाही अशी तक्रार घेऊन गेलो होतो. त्यानं जीभ पाहिली, नाडी पाहिली आणि गोळी लिहून द्यायची सोडून विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"कुणी नाही."

"मग ड्यूटीवरून आल्यावर काय करता?"

"दुसऱ्या दिवशीच्या ड्यूटीची वाट पाहतो."

तो हसला. मी काही हसण्यासारखं बोललो नव्हतो, म्हणून मला त्याचा राग आला. "एखादा छंद लावून घ्या," म्हणाला, जसा काही छंद म्हणजे दवाखान्याच्या खिडकीवर मिळणारं लाल औषधच.

आधी हे सांगून टाकतो की माझं लग्न झालं होतं. दीड वर्ष. मग तिला कावीळ झाली आणि ती गेली. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर दरवर्षी धानाची कापणी आटोपली की माय कुठल्या तरी गावची एक पोरगी शोधून आणायची आणि मी दरवर्षी नाही म्हणायचो. नुसतं नाही म्हणायचो नाही, आरडाओरडा करायचो, ताटावरून उठायचो, एकदा तर पायात चप्पल न घालताच पवनीच्या रस्त्याला लागलो होतो. शेवटी लोकांनी विचारणं सोडलं. आणि त्यांनी सोडल्यावर दोनेक वर्षांनी माझ्या मनात यायला लागलं की आता कुणी विचारलं तर हो म्हणून टाकावं. कुणी विचारलंच नाही. आपणहून बोलायचा माझा स्वभाव नाही, आणि स्वभावाला काही औषध नसतं.

आमची फॅक्टरी बारूदीची. आत जाताना बिडी-आगपेटी फाटकावर काढून ठेवायची आणि बाहेर येताना आतल्या गोष्टी आतच ठेवून यायच्या. काय काम करतो हे कुणाला सांगायचं नाही. ज्यांना बायकामुलं होती त्यांना याचा काही त्रास नव्हता, त्यांच्याकडे भाजी महाग झाली, पोट्ट्यानं पाटी फोडली अशा शंभर गोष्टी बोलायला असत. माझ्याकडे कामाशिवाय दुसरं काही नव्हतं आणि कामाबद्दल बोलायला बंदी होती. कधी कधी शनिवारी दुपारी फॅक्टरीच्या बसमधून उतरलो की सोमवारी सकाळी पुन्हा चढेपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द निघत नसे. सोमवारी पहिला शब्द बोलताना घसा खरखरायचा.

तर छंद. आधी कॉलनीच्या क्लबात कॅरम खेळायला गेलो. कॅरमला चार जण लागतात. मी नेहमी पाचवा. "बसा, बसा, पुढच्या डावाला घेऊ," असं म्हणायचे, आणि पुढच्या डावाला कुणाचा तरी मेव्हणा यायचा. महिनाभर पावडर लावायचं काम केलं आणि सोडलं. मग क्वार्टरच्या मागे वांगी लावली. वांग्यांना माझा हात असा मानवला की विचारू नका, टोपल्या भरून यायला लागली. पण एका माणसानं वांगी खायची तरी किती? शेजारी वाटली. शेजारच्या बायका रिकामी वाटी परत देत नाहीत, त्यात भाजी घालून, वर झाकण ठेवून देतात, आणि देताना तोंडावर अशी दया आणतात की घास घशाखाली उतरत नाही. पुढच्या वर्षी मी वांगी लावली नाहीत.

मग एका रविवारी पायजामा शिवायला टाकायचा म्हणून कारध्याला गेलो. भंडाऱ्याच्या पलीकडे, वैनगंगेचा पूल उतरला की कारधा. तिथं एक म्हातारासा शिंपी होता. दुकानात एक मशीन, एक बाक आणि फळीवर पितळेची जाळी लावलेला रेडिओ. तो माझ्या कमरेला टेप लावत होता आणि रेडिओवर फर्माइशीचा हिंदी कार्यक्रम चालू होता. एकाएकी त्यानं टेप सोडला आणि बोट वर केलं. रेडिओवरची बाई म्हणत होती, "कारधा, ज़िला भंडारा से..." आणि पुढे या शिंप्याचं नाव! मग त्याच्या बायकोचं, पोरांचं, सुनांचं, अकरा नावं वाचली बाईनं, एका दमात. हजार मैलांवरून! रस्त्यावरचे चहा पिणारे आत डोकावले. शिंप्यानं त्यांना मान झुकवून नमस्कार केला आणि मग मला म्हणाला, "कंबर चौतीस. लिहून घेतो जी."

मी तिथंच बाकावर बसलो. पायजामा राहिला बाजूला. "हे कसं करता?" मी विचारलं. छत्तीस वर्षांच्या आयुष्यात मी कुणाला असा लहान पोरासारखा प्रश्न विचारला नव्हता.

त्यानं शिकवलं. खरंच शिकवलं, शाळेत शिकवतात तसं. त्या दिवसापासून दर रविवारी मी सायकल हाणत कारध्याला जायला लागलो. त्याच्याकडे एक जाड वही होती, तिच्यात कोणतं स्टेशन किती मीटरवर लागतं, कोणत्या वारी कोणता कार्यक्रम, कोणतं गाणं कधी वाजलं, सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं. म्हणाला, सगळे मागतात ते गाणं कधी मागायचं नाही, त्याच्या ढिगात आपलं पोस्टकार्ड दबून जातं. जुनं, चांगलं, पण लोक विसरले असतील असं गाणं निवडायचं. कार्डाला लाल शाईनं महिरप काढायची म्हणजे गठ्ठ्यातून वर दिसतं. गावाचं नाव ठळक. आणि अक्षर असं पाहिजे की वाचणारी बाई अडखळली नाही पाहिजे, अडखळली की ती कार्ड खाली ठेवते.

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मी दुरेघी वही आणली. फॅक्टरीत भोंगा झाला की बस, बसमधून उतरलो की चहा, आणि चहा झाला की अर्धा तास अक्षर गिरवायचं. शाळेत मास्तरनं छडी मोडली तरी जे वळण आलं नव्हतं ते तीन महिन्यांत आलं. ट्रान्झिस्टर घेतला, पोस्टात जाऊन त्याचं लायसन काढलं. निंबाच्या झाडावर चढून एरियलची तार बांधली. दूरची स्टेशनं धरायला शिकलो, काटा केसाएवढा सरकवायचा, श्वास रोखायचा आणि खरखरीच्या मागून कुणाचा तरी आवाज येतो का ते ऐकायचं. पहिल्यांदा असा आवाज हाती लागला तेव्हा मी एकटाच "आला, आला!" म्हणून ओरडलो. भाषा कोणती होती देव जाणे. पण त्या दिवशी मी खूष होतो, अगदी खूष, आणि किती वर्षांनी खूष होतो हे मोजायच्या भानगडीत पडलो नाही.

एवढं करूनही माझं कार्ड काही वाचलं जाईना. दर आठवड्याला एक कार्ड टाकत होतो. पावसाळा गेला, दिवाळी गेली. रविवारी दुपारी ट्रान्झिस्टर मांडीवर घेऊन बसायचो. झुमरी कुठली, राजनांदगाव कुठलं, सगळ्यांची नावं यायची. गोंदियाच्या एका माणसाचं नाव तर इतक्यांदा यायचं की मला त्याचा द्वेष वाटायला लागला. कार्यक्रम संपला की मी चिडून बटण बंद करायचो आणि वरण तापवायला उठायचो.

शिंप्याला म्हटलं तर त्यानं माझं कार्ड हातात घेऊन मागून-पुढून पाहिलं. "अक्षर मोत्यासारखं हाय जी. गाणं बी बरोबर. पण नाव एकच?"

"एकच आहे ना मी."

"एकट्याचं कार्ड कोण वाचून राहिलं? त्या बाईले बी घरदार दिसलं पाहिजे. आमच्या श्रोता संघाची नावं टाका, मी देतो."

संघ म्हणजे तो, एक पानवाला आणि दोन मास्तर. त्यांची नावं घ्यायला हरकत नव्हती. पण मी फटकन म्हणून बसलो, "नको. घरची टाकतो." का म्हटलं, अजून कळलेलं नाही. त्याला माझ्या घराबद्दल काही माहीत नव्हतं आणि त्यानं विचारलंही नाही. "मंग तर झालंच!" म्हणाला आणि मशीनवर बसला.

घरी येऊन कार्ड घेतलं. माझं नाव लिहिलं. त्याच्या खाली 'सौ.' एवढं लिहून पेन थांबलं. जी गेली तिचं नाव लिहायला हात धजावला नाही. गेलेल्या माणसाला असं गाण्यासाठी वापरायचं नाही, एवढी अक्कल होती. मग एक नवं नाव ठरवलं. साधंच, चार घरांत असतं तसं. मग एक मुलगा, एक मुलगी. त्यांची नावं ठरवायला दोन दिवस लागले, पोरीचं तर तीनदा खोडलं. पाहता पाहता कार्डावर चार नावं झाली आणि मी ते कार्ड पंख्याखाली वाळवत किती वेळ पाहत बसलो! पेटीत टाकायला जाताना कुणी पाहील म्हणून शर्टाच्या आत लपवलं होतं.

पाचव्या रविवारी ते वाचलं.

"जवाहरनगर, ज़िला भंडारा से..." मी उभाच राहिलो. माझं नाव. मग "उनकी धर्मपत्नी," आणि ते नाव. मग "और नन्हे-मुन्ने," आणि ती दोन. बाईनं एवढ्या मायेनं वाचलं की काय सांगू! मला क्षणभर खरंच वाटलं की मागे मोरीत कुणी भांडी घासत असेल. मी वळून पाहिलं. आता हसा हवं तर. मी वळून पाहिलं होतं.

कॉलनीत कुणी ऐकलं नव्हतं, सगळे जेवून झोपले होते. मला वाटलं, झालं, गंगेला मिळालं. पण रेडिओ काही माझ्या एकट्याच्या घरी नव्हता. तो आसगावला थोरल्या भावाच्या, दादाच्या घरीही होता, ओसरीवर, आणि रविवारी दुपारी त्याच्याभोवती अर्धी गल्ली बसत होती. हे मला, आठ महिने रेडिओशिवाय दुसरं काही न करणाऱ्या शहाण्याला, एकदाही सुचलं नव्हतं.

आठ दिवसांनी दुपारी दार वाजलं. पहिली पाळी करून नुकताच आलो होतो. उघडलं तर माय. एकटी. आसगावहून पवनी, पवनीहून भंडारा, भंडाऱ्याहून इथं, तीन गाड्या बदलून आली होती. डोक्यावर गाठोडं, हातात पिशवी, आणि डोळे माझ्याकडे नाहीत, माझ्या खांद्यावरून आत.

"कुठं हाय ते?"

"कोण?"

"कोण म्हंते! माही सून. माहे नातू." तिनं गाठोडं खाली ठेवलं आणि माझा हात धरला. "बाबू, जात-बित मी काही इचारत नाही. कोणाची बी असो. तुले वाटलं असन, माय बोंबलन. नाही बोंबलत. पोरगी बोलाव."

गावात काय झालं असेल ते माझ्या ध्यानात आलं. पोरानं दुसऱ्या जातीची बायको केली, दोन पोरं झाली तरी घरी कळवलं नाही, असं लोक म्हणाले असतील. दादा चिडला असेल. आणि ही बाई सगळ्यांना टाकून, मनातल्या मनात जात-पात गिळून, सुनेला पाहायला आली होती. मी तिथंच सांगून टाकायला हवं होतं की माय, असं काही नाही. तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "माहेरी गेली वं माय. पोरं घेऊन."

"केव्हा येते?"

"येते चार-पाच दिवसाईनं."

"मंग थांबतो मी. तोंड पायल्याबिगर काही जात नाही."

तिनं गाठोडं सोडलं. नव्या धानाचा तांदूळ, लाखोरीची डाळ, मुरमुऱ्याचे लाडू. खाली हिरवी साडी, बांगड्यांचा डबा, आणि जुन्या मऊ लुगड्याची दोन झबली, हातानं शिवलेली. "पोरं केवढी हायेत मालूम नव्हतं," ती म्हणाली, "अंदाजानं शिवली."  मी पाणी प्यायचं निमित्त करून आत गेलो.

मग तीन दिवस मी खोटं बोललो. आणि काय बोललो! माय विचारायची, स्वयंपाक कसा करते? मी म्हणायचो, वरण पातळ करते, पण भाकरी झकास. स्वभाव कसा हाय? जरा तापट आहे, माझ्यासारखीच, पण लगेच विसरते. पोरगा? पोरगा हट्टी, दुधावरची साय काढल्याशिवाय पीत नाही. पोरगी? ती रेडिओ लागला की माझ्या मांडीवर येऊन बसते आणि काटा फिरवू देत नाही. कुठून सुचत होतं देवाला माहीत. माय चुलीजवळ बसून डोळे मोठे करून ऐकायची आणि म्हणायची, "मंग? मंग काय म्हणली ते?" मी पुढचं सांगायचो. ड्यूटीवर हात चालायचे आणि डोक्यात संध्याकाळी काय सांगायचं ते तयार व्हायचं. तीन दिवसांत मी जेवढं बोललो तेवढं आधीच्या तीन वर्षांत बोललो नसेन. घसा दुखायला लागला होता. आणि खरं सांगायचं तर त्या तीन दिवसांत मला झोपही लागली.

पण चौथ्या दिवशी सकाळी पाहिलं तर मायनं हिरवी साडी दोरीवर टाकली होती. घडीचा वास जावा म्हणून उन्हात टाकली, म्हणाली, सून आली की लगेच नेसता येईल. ती साडी वाऱ्यानं हलत होती आणि मी शर्टाची बटणं लावत होतो. आता बस झालं, मी ठरवलं. ड्यूटीवर दिवसभर शब्द जुळवले. भोंगा झाला, बसमधून उतरलो आणि दारातूनच म्हणालो, "माय, एक सांगाचं हाय."

माय तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "मालूम हाय मले."

"काय मालूम हाय?"

"तू एकटाच राहतो ते. पयल्याच दिवशी समजलं. नळावर त्या बाईले म्हटलं, माही सून कवा गेली जी? तर ते माह्या तोंडाकडेच पाहात राहिली."

आमच्या ओळीत नळ सामायिक होता. चारी घरच्या बायका तिथं यायच्या. हे तरी मला सुचायला नको होतं का? मी तिच्यासमोर बसलो.

"मंग तीन दिस बोलली काहून नाही? मी एवढं खोटं बोलून राहिलो होतो, तू आयकून राहिली होती!"

माय निवडायची थांबली. सुपातला खडा काढून तिनं बाहेर फेकला. "तू सांगत होता ना बाबू. वरण कसं करते, पोरगी मांडीवर कशी बसते. लगन झालतं तवा बी तू एवढा बोलला नाही कधी. मले आयकून बरं वाटे." मग म्हणाली, "तुले बी बरं वाटत होतं. दिसत होतं ते."

मला रडू आलं. लपवत नाही. सदतीस वर्षांचा बाप्या, मायसमोर बसून रडलो, नाक पुसायला रुमालही सापडला नाही. तिनं मला जवळ वगैरे घेतलं नाही, आमच्याकडे तशी पद्धत नाही. ती उठली, चहा ठेवला आणि चहा होईपर्यंत माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

चहा झाल्यावर तिला सगळं सांगितलं. शिंपी, वही, लाल शाईची महिरप, एकट्याचं कार्ड वाचत नाहीत ते. तिनं कार्ड पाहायला मागितलं. तिला वाचता येत नव्हतं, पण महिरपीवरून बोट फिरवून म्हणाली, "तू काढलं हे? छान काढते की रे!" आणि मग एकदम म्हणाली, "पुढच्या कार्डावर माहं नाव टाकजो."

"टाकतो ना!" मी म्हटलं, आणि रेशनकार्डावर तिचं जे नाव होतं ते उच्चारलं.

"ते नाही. माहेरचं."

 माझ्या आईचं माहेरचं नाव मला माहीत नव्हतं! हजार मैलांवरच्या गवय्यांची, वादकांची, त्यांच्या गावांची नावं मला तोंडपाठ होती, आणि हे माहीत नव्हतं. लग्नाच्या दिवशी नाव बदललं, ती म्हणाली, आणि बदललेल्या नावानं तरी कोण हाक मारतं? बाप 'अवं' म्हणायचा, आम्ही 'माय', गाव 'अमक्याची माय'. पहिलं नाव फक्त तिच्या माहेरी चालायचं. मायबाप गेले, मग दोन भाऊ गेले, मागच्या साली थोरली बहीणही गेली. "आता त्या नावानं हाक मारणारं कोणी नाही उरलं," ती म्हणाली, जसं गाईनं दूध देणं बंद केलं असं सांगावं. मग तिनं ते नाव सांगितलं. सांगताना लाजली.

 मी समजत होतो की एकटं असणं म्हणजे माझी स्वतःची मालमत्ता आहे, जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये कुलूप लावून ठेवलेली. आसगावला मुलगा-सून-नातवंडांच्या गजबजाटात बसलेली ही बाई माझ्याही आधीपासून एकटी होती आणि मी दिवाळीला जाऊन तिच्या हातचं खाऊन यायचो. लाज वाटली मला.

दुसऱ्या दिवशी ती निघाली. साडी-बांगड्या वहिनीला देते म्हणाली. झबली गाठोड्यात भरताना एक हातात राहिलं. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि ते माझ्या ट्रान्झिस्टरवर चढवलं. एका बाहीतून अँटेना नीट बाहेर आला. "धूळ बसते याच्यावर," ती म्हणाली. मग आम्ही दोघंही हसलो, खूप दिवसांनी, पोट धरून. गावात तिनं सांगून टाकलं की रेडिओवाल्यांनी चूक केली, दुसऱ्याच कुणाची नावं माझ्या नावापुढे वाचली. "रेडिओवाले काय, काही बी वाचतात," असं तिनं ठणकावलं म्हणे, आणि तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

मी कार्ड लिहायला बसलो. दोनच नावं. शिंपी म्हणाला, "चारावरून दोनावर आले जी? दोनाचं काही खरं नाही." मी म्हटलं, "दोनच जातील." दर आठवड्याला तेच कार्ड, तीच महिरप, तेच अक्षर, फक्त गाणं वेगळं. उन्हाळा गेला, परह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, रोवणी झाली, धान निसवलं, लोंब्या आल्या. आसगावला माय दर रविवारी दुपारी काम टाकून रेडिओजवळ बसायची. वहिनीला नवल वाटायचं की हिला हिंदी गाणी कधीपासून आवडायला लागली. दिवाळीला गेलो तेव्हा माय मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "नाही आलं अजून." मी म्हटलं, "येते, थांब." आणि मनात त्या रेडिओवरच्या बाईला शिव्या दिल्या.

तुरी फुलल्या तेव्हा आलं. जेवण झालं होतं, खरकटं ताट तसंच पुढे होतं. "जवाहरनगर, ज़िला भंडारा से..." माझं नाव, आणि मग, थोडं थांबून, अजिबात न अडखळता, ते नाव. स्वच्छ. जसं तिच्या मायबापानं ठेवलं असेल तसं. नातं काही वाचलं नाही कारण मी कार्डावर लिहिलंच नव्हतं. ते नाव मी इथंही लिहीत नाही. गाणं कोणतं लागलं मला आठवत नाही, मी आसगावच्या ओसरीवर होतो, मनानं. तिथं पंधरा माणसं बसलेली असतील आणि त्यातल्या एकीलाच माहीत असेल की आता हाक कुणाला मारली.

त्या आठवड्यात दादाचं कार्ड आलं. दादाचं अक्षर माझ्या जुन्या अक्षरासारखंच, कोंबडीचे पाय. लिहिलं होतं: 'रविवारी रेडिओवर तुझं नाव आलं. सोबत पुन्हा एका बाईचं नाव होतं, आणि हे मागचं नाही, वेगळंच आहे. गावात लोक मला विचारून राहिले. मायला विचारलं तर काही सांगत नाही. तेव्हापासून नुसती हसते. पोरीसारखी हसते. तुझ्या वहिनीनं विचारलं तरी सांगत नाही. खरं खरं कळव, ती बाई कोण आहे?'

मी कार्ड घेतलं. धान कसं झालं, बैलाचा पाय बरा आहे का, हे सगळं विचारून घेतलं. खाली थोडी जागा उरली होती. तिथं माझ्या नव्या अक्षरात लिहिलं: 'काळजी नसावी. घरचीच आहे.'